दोरीचं माप

चौतीस वर्षांच्या संसारात आमच्या हिने माझ्याकडे स्वतःहून काही मागितल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यामुळे गेल्या महिन्यात ती "मला उड्या मारायची दोरी हवी" म्हणाली, तेव्हा मी शिलाईचं मशीन थांबवलं. शाळेच्या कचेरीतली तिची नोकरी संपून वर्ष झालं होतं आणि सकाळी बागेत व्यायाम करणाऱ्या बायकांच्या गटात ती जायला लागली होती. तिथल्या शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, की या वयात हाडं ठणठणीत ठेवायची तर उड्या मारा. सोमवारपासून सुरुवात, दोरी प्रत्येकीने आपापल्या मापाची आणायची.

माप म्हटलं की मी कुणाचं ऐकत नाही. मी शिंपी आहे. या भागातल्या निम्म्या माणसांचे खांदे माझ्या हाताखालून गेलेत, आणि एकदा घेतलेलं माप चुकलं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणजे तोंडावर तरी नाही.

"मी पण येते दुकानात," ती म्हणाली.

"एका दोरीला दोन माणसं कशाला? तुझी मापं आहेत की माझ्याकडे."

ती पायातली चप्पल काढून आत गेली. तिला पटलं असं मी समजलो.

खेळाच्या सामानाचं दुकान चौकात आहे. ते चालवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत व्यायाम शिकवायच्या. गळ्यातली शिट्टी अजून उतरलेली नाही, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. त्यांनी काउंटरवर पाच-सहा दोऱ्या टाकल्या. मी एकेक बोटांत धरून बघायला लागलो, सवयच ती. सुती दोरी मऊ होती, पण फिरवताना हवेतच लटपटत होती. तारेची बारीक दोरी सुसाट पळायची. बाई म्हणाल्या, "ही चुकून पोटरीला लागली तर वळ उठतो, नवशिक्याला देऊ नका." रबराची जड होती. शेवटची मण्यांची. आत सुतळीएवढी दोरी आणि तिच्यावर प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे ओवलेले. ती फिरवली की गोलाई मोडत नव्हती आणि जमिनीला लागली की टक्‌ असा आवाज यायचा. तालावर उडी मारायला बरी, असं बाईंचं मत पडलं. माझंही पडलं.

"आता उडी मारणारं माणूस कुठंय?" बाईंनी विचारलं.

"घरी."

"मास्तर, दोरीच्या मध्यावर पाय ठेवून उभं राहायचं. दोन्ही मुठी वर ओढल्या की काखेपर्यंत आल्या पाहिजेत. ही कापून द्यावी लागते. माणसाशिवाय कशी कापू?"

"मी सांगतो ना. जमिनीपासून काखेपर्यंत साडेशेहेचाळीस इंच."

"उंटावरून शेळ्या हाकताय तुम्ही," बाई म्हणाल्या. पण त्यांनी माझ्या आकड्याप्रमाणे दोरी कापली, गाठ मारली आणि मुठी बसवून दिल्या.

घरी आल्यावर ही चप्पल काढून दोरीवर उभी राहिली. मुठी वर ओढल्या. त्या काखेत थांबायच्या सोडून दंडाच्या बाजूने वर सरकून पार खांद्याला टेकल्या.

"नीट उभी राहा," मी म्हणालो.

"उभीच आहे."

"ताठ."

"अहो, ताठच आहे."

तिने तशीच एक उडी मारून बघितली. सैल दोरी तिच्या पायांत अडकली आणि ती भिंतीला हात टेकून थांबली. "आधी हिचं माप नीट करून आणा," ती म्हणाली. मला राग आला, तो अर्थातच शिट्टीबाईंचा. बाईने मुद्दाम सैल कापली, शिंप्याला शहाणपण शिकवायला, असं मनाशी ठरवून मी आल्या पावली चौकात गेलो.

मी काउंटरवर दोरी आपटली. बाईंनी शांतपणे ती दुमडून टेपला लावली. साडेशेहेचाळीस. एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही.

"दोरी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माप कधीचं आहे तुमचं?"

"लग्नानंतर घेतलेलं. पण बायकोची उंची काय रोज बदलते का? कापड पहिल्या धुण्यात आटतं बाई, माणूस आटत नाही."

मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. दोरी गुंडाळत म्हणाल्या, "माणूसही आटतं, मास्तर. माझी आई आटली. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. वहिनींची पाठ दुखते का?"

"नाही," मी ठामपणे सांगितलं.

"विचारलंय तुम्ही?"

त्यांनी दोरी कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टरांना दाखवून या. तोवर ही मी देणार नाही. हाडं आतून ठिसूळ असतील तर उडी मारायला लावणं म्हणजे घात आहे."

वाटभर मी स्वतःशी एकच गोष्ट घोळवत होतो. पाठ दुखत असती तर ती बोलली असती. मग मला आठवेना, की ती शेवटचं कधी काय दुखतंय म्हणून बोलली होती.

घरी येऊन मी टेप काढली. "काही नको," ती म्हणाली. मी आग्रह धरला, तेव्हा हात लोंबते सोडून उभी राहिली, गिऱ्हाइकं राहतात तशी. कंबरेपासून जमिनीपर्यंत माप घेतलं. माझ्या मापांच्या वहीत होतं तेवढंच भरलं. मला हायसं वाटलं. मग मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत टेप सोडली. पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा तिच्या कंबरेला दोरा बांधून पक्की खूण केली आणि मोजलं. मग समोरून काखेपासून कंबरेपर्यंत मोजलं. तिथे वहीतल्यापेक्षा सव्वादोन इंच कमी भरले. पाय होते तेवढेच होते, पाठ कमी झाली होती.

मी तिचं कपाट उघडलं. तिचे सगळे लांब ड्रेस मीच शिवलेले, एकाच मापाने, डोळे मिटून शिवावेत तसे. एक उलटा केला. खालची दुमड उसवून पुन्हा वर घेतलेली होती. दुसऱ्याची तशीच, तिसऱ्याचीही. हातशिलाई इतकी बारीक, की मला क्षणभर ती माझीच वाटली. दुमड पुढून जास्त घेतलेली होती आणि मागून कमी. असं कापड आम्ही वाकलेल्या माणसासाठी कापतो. कुणी अनोळखी माणूस दुकानात आला तर मी त्याला बसायला सांगायच्या आधी हे ओळखतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्या घरात दोन वेळा माझ्यासमोर जेवायला बसत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. पाय अडकायला लागला जिन्यावर."

"आणि मला सांगायचं नाही?"

तिने ड्रेस माझ्या हातातून घेतला आणि घडी घालायला लागली. "काय सांगायचं? तुमचं माप चुकलं म्हणून? मागे एकदा बाही घट्ट होते म्हटलं, तर आठ दिवस बोलला नाहीत तुम्ही. मी म्हटलं, सुई-दोरा आहे घरात. मूग गिळून बसणं सोपं."

ती चिडून बोलली असती तर मी भांडलो असतो. भांडायला मला जमतं. पण ती साखर संपली म्हणून सांगावं तशी बोलली आणि मला स्वतःची अतिशय लाज वाटली. माझा फणकारा तिला एवढा ठाऊक होता, की दुखणं अंगावर काढणं तिला परवडलं.

दोन दिवसांनी पाठीचे एक्स-रे काढले. डॉक्टरांनी ते काचेवर लावले आणि पेनने दोन जागा दाखवल्या. पाठीचे दोन मणके दबले होते. पडणं नाही, मार नाही, आपोआप. आणखी दबू नयेत म्हणून औषध होतं, पण ते लांबचं काम. चालायचं, उन्हात बसायचं, वाकून जड उचलायचं नाही. उड्या तर मुळीच नाहीत.

"नंतर? एक वर्षाने?" हिने विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाल्या, आणि तो 'बघू' कसला आहे ते आम्हा दोघांना कळलं.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. औषधांची चिठ्ठी तिच्या मांडीवर होती. ती समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला खरंच मारायच्या होत्या हो उड्या. लहानपणी मी शंभर मारायचे, न थांबता." हेही मला माहीत नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मानेपासून खाली, सावकाश, जिथून परवा माझी टेप गेली होती तिथून.

"कुठे दुखतं?"

"थोडं खाली. तिथे नाही, डावीकडे. हं, तिथे."

माझं बोट तिथेच राहिलं. "आणखी कुठे?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी नुसतं विचारायचं म्हणून विचारतोय की काय, ते ती पारखत होती. मी नजर काढली नाही. तिने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली आणि बाकावर मागे टेकून बसली.

"नीट टेकून बसा तुम्ही पण," ती म्हणाली. "हे एवढ्यात संपायचं नाही."