कोणाला ऐकायला आलात?

जपानहून अमेरिकेत, नोव्हायच्या घरी परतून प्रतिमाला महिना होत आला, तरी तिचं टोकियोपुराण काही संपत नव्हतं. बाई सांगायच्याही अगदी रंगवून. तळघरातला दिवाणखान्याएवढा हॉल, पोटात धडधडणारा ड्रम, गाणं चालू असताना ब्र न काढणारी माणसं! आणि कार्यक्रम संपला की गाणारेच टेबलामागे उभे राहून स्वतःचे टी-शर्ट विकणार. चार बँड होते, त्यातला तिसरा सियाचा.

सिया तिची एकुलती एक लेक. इथेच जन्मली, इथेच शिकली, आणि गाड्यांच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून टोकियोला बँडमध्ये गायला गेली. नरेंद्रने, म्हणजे तिच्या बाबांनी, घर डोक्यावर घेतलं होतं. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस, इथपर्यंत मजल गेली. प्रतिमा तेव्हा काय बोलली? काही नाही. नवऱ्याला पाणी दिलं आणि लेकीची बॅग भरली. दोघंही आपलीच, बाजू कोणाची घ्यायची?

दोन वर्षांनी सियानेच बोलावलं. आई, एकदा ऐकायला ये, एवढंच म्हणाली. नरेंद्रने चक्क नाही म्हटलं, म्हणून प्रतिमा एकटी गेली. पोरगी इतकी सुरेख गायली की ही बया अंधारात उभ्या उभ्या ढसाढसा रडली. पण बाहेर भेटल्यावर सियाचा चेहरा उतरलेला. दमली असेल, असं प्रतिमाला वाटलं. परतल्यापासून मात्र सिया फोनच उचलत नव्हती, आणि आईचा जीव टांगणीला लागला होता.

शेजारच्या जपानी हायाशीबाई चहाला आल्या, तेव्हा हे पुराण पुन्हा सुरू झालं. टोकियोच्या त्या हॉलच्या दारात तिकिटं देणाऱ्या मुलीने विचारलं होतं, आज कोणाला ऐकायला आलात? प्रतिमाने हसून सांगितलं, सगळ्यांना. एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना कशाला दुखवायचं? आपल्यात नाही बाई असं करत.

हायाशीबाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी हळूहळू समजावलं. ज्याचं नाव घ्याल, त्याचा श्रोता म्हणून तुमची नोंद होते. सगळ्यांना म्हटलं, की कोणाच्याच नावावर होत नाही. आणि ज्यांच्या नावाने कोणी येत नाही, त्यांना पुन्हा तिथे गायला मिळणं कठीण.

हायाशीबाई घरी जाताच प्रतिमाने सियाला मेसेज केला, दारात माझं काय चुकलं ते आत्ता कळलं. थोड्या वेळाने सियाचाच फोन आला. प्रतिमाने एका दमात सगळं सांगून टाकलं. सियाने ऐकून घेतलं. मग बँड मोडला म्हणाली, तेही शांतपणे.

"दुसरं कोणी येणार नाही, आय न्यू दॅट," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं होतं, माझी आई येतेय. पण आमच्या नावावर झीरो."

"अगं, मी तुझ्यासाठीच आले होते. कोणाला वाईट वाटू नये म्हणून तसं म्हटलं."

"बाबा ओरडले तेव्हाही तू असंच केलंस, आई."

सियाने जरा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला.

आतल्या खोलीतून नरेंद्रने विचारलं, कोणाचा फोन होता?

प्रतिमाने डोळे पुसले. आता कशाला उगाच घरात वाद, असं तिच्या मनात आलं.

"कोणाचा नाही," ती म्हणाली.