चरापलीकडची राणी

कुओक कामची पन्नाशी उलटली, तरी तो गावाला सुखानं जगू देत नव्हता. गावप्रमुखाच्या चहाच्या किटलीत बेडूक सोडणारा हाच. पण पाण्याच्या चराच्या पलीकडच्या बागेत शेजारीण लान दिसली, की मनातलं सांगताना याची जीभ टाळ्याला चिकटायची. लहानपणापासूनचं दुखणं. तिचं लग्न झालं, पुढे नवरा वारला, हा आपला होता तिथंच.

यंदा कडाक्याच्या थंडीनं लानच्या संत्र्यांवरच्या, कीड खाणाऱ्या लाल मुंग्या मेल्या. मग काय, फळं शोषणाऱ्या हिरव्या ढेकणांना रान मोकळं!

"पीक गेलं तर बाग विकते नि लेकाकडे ग्वांगझूला जाते," ती म्हणाली.

त्याच दिवशी कामनं आपल्या पपनसापासून तिच्या संत्र्यापर्यंत आडवा बांबू बांधला. पपनसाच्या दाट पानांत तगलेल्या मुंग्या रांगेनं निघाल्या.

"पाहुण्या धाडल्यात. जेवायला घाल!"

"मेल्या, तुझ्यासारख्याच आहेत. दिवसभर हुंदडतात, सांजेला परत तुझ्याकडे. राणीचं घरटं दे की!"

"एवढ्या घरट्यांत राणी कुठं शोधू?"

थाप! कुठल्या घरट्यात राणी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण राणी दिली की बांबू कशाला हवा? बांबूची गाठ आवळायच्या निमित्तानं तर तो रोज चरावर जायचा. दुसरं टोक ती धरायची.

मग पावसानं बांबूच वाहून नेला. ढेकूण परत आले. एका सकाळी कामला दिसलं, लान लोणच्याच्या बरण्या गवतात गुंडाळून खोक्यात भरत होती.

तो तडक झाडावर चढला. राणीचं घरटं फांदीसकट कापलं, पोत्यात घातलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेला. मुंग्यांनी त्याला फोडून काढलं होतं.

"घे. राणी."

"ठाऊक नव्हती ना तुला?"

"आत्ताच ओळख झाली."

लाननं त्याचे सुजलेले कान पाहिले. "अगदी डुक्कर दिसतोयस," ती म्हणाली आणि खोकं उघडून बरण्या परत फळीवर मांडू लागली.

तिची बाग सावरली. राणी गेली तशी कामची झाडं मात्र ओस पडली. मग एके दिवशी चरावर नवा बांबू दिसला. लाननं बांधलेला, तिच्या झाडापासून त्याच्या झाडापर्यंत.

आता मुंग्या सकाळी त्याच्याकडे येतात, सांजेला तिच्याकडे परततात. काम काठावर बसून शेवटची मुंगी पलीकडे जाईपर्यंत बघतो.

"जा बाई," तो पुटपुटतो. "तुला घर आहे."

"ए काम," पलीकडून हाक येते, "बांबू हलतोय रे! ये, गाठ बघ."

गाठ त्यानंच दुपारी सैल केलेली असते.