येईल एवढ्यात

माझे सासरे हेमचंद्र, म्हणजे आमचे बाबा, अख्खी नोकरी वीज मंडळात होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण मंडळ काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पुण्याहून आमच्याकडे अबू धाबीला राहायला आले, तरी रोज तिन्हीसांजेला हॉलमधला दिवा लावायचे आणि त्याला हात जोडायचे. माझी लेक इरा खिदळायची, "आजोबा, इट्स जस्ट अ बल्ब!" सोफ्यावरून आई म्हणायच्या, "हसू नकोस गं. बोर्डाचा देव आहे तो."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुजाता. त्यांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. सोफ्याशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असायचं आणि त्याची नळी त्यांच्या नाकाला. मशीन विजेवर चालतं. म्हणून कोपऱ्यात एक छोटा सिलेंडर ठेवलेला, वेळेला असावा म्हणून. आम्ही अल रीम आयलंडवर, सव्विसाव्या मजल्यावर. इथं लाइट जाते कुठं, असं मीच सगळ्यांना ऐटीत सांगायचे.

ऑगस्टातल्या त्या दुपारी लाइट गेली. एसीचा आवाज थांबला, मशीनने एक लांब शिट्टी मारली आणि तेही गप्प झालं. मी धावत जाऊन आईंची नळी सिलेंडरला जोडली. खाली सिक्युरिटीला फोन लावला. हनीफ म्हणाला, बेसमेंटमधलं पॅनल जळलंय, जनरेटरही उचलत नाही, लिफ्ट बंद. कधी येईल विचारलं तर म्हणाला, "मॅडम, इन्शाल्ला." मी कपाळावर हात मारला.

बाबा मात्र एकदम तरतरीत झाले. इतके दिवस त्यांना ह्या घरात काही कामच नव्हतं ना! "घाबरू नकोस अनुपमा. पॅनल म्हणजे काय, बायपास करतात. येईल एवढ्यात." आणि उठून बाल्कनीचं दार सताड उघडलं. "जरा वारं खेळू दे."

"बाबा, बंद करा! आतला गारवा जाईल!" मी ओरडले. पण कुकरचं झाकण काढावं तशी समुद्रावरची दमट वाफ भसकन आत आली. घर तेवढ्यानेच तापलं. दार लावलं, पण आता काय उपयोग. आईंच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

मी सिलेंडरचा काटा बघितला. संध्याकाळपर्यंत पुरेल की नाही, शंकाच होती. म्हटलं अँब्युलन्स बोलावते. बाबा माझ्यावरच डाफरले, "साध्या लाइटसाठी अँब्युलन्स? लोक हसतील." मी अंकुरला फोन केला. माझा नवरा त्या दिवशी दुबईच्या जबल अलीला, कंपनीच्या वेअरहाउसमध्ये. तो म्हणाला, "बाबांना त्यातलं कळतं गं. त्यांचं ऐक. मी निघतोच, यल्ला, चल." बापलेकांचं हे असंच. मला त्यांच्या मध्ये उभं राहायला जागाच नसते.

तेवढ्यात दारावर थाप पडली. हनीफ! सव्वीस मजले चढून आलेला, शर्ट अंगाला चिकटलेला. बरोबर बिल्डिंगचे तीन क्लीनर आणि लॉबीतली हातांची खुर्ची. "मॅडम, माँजी को अभी ले चलते हैं. हम चार हैं. नीचे गाडी खडी है, एसी चालू है." मला रडूच फुटलं. मी आईंची ओढणी शोधायला धावले.

"थांब," बाबा म्हणाले. मराठीत, त्या लोकांना कळू नये म्हणून. "चौघांनी उचलून न्यायचं तिला? जिवंतपणी?"

"अहो बाबा, खुर्ची आहे ती!"

"चार माणसं. घराबाहेर. मला नाही चालायचं. आणि जिना बघितलास का? भट्टी आहे नुसती. तिकडेच काही झालं तर? लाइट येतेय एवढ्यात, मी सांगतो ना."

आई हसल्या. त्या अवस्थेतही हसल्या हो! म्हणाल्या, "अहो बोर्डवाले, नेऊ दे ना मला. त्या खुर्चीत तुम्ही बसा हवं तर, तुम्हीच जास्त घाबरलाय." शेवटच्या शब्दाला दम लागला. बाबांनी त्यांचा हात घट्ट धरला. "तू बोलू नकोस. मी आहे ना." त्यांचे डोळे भरून आले होते, हेही सांगायला हवं. दुष्ट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

बाबांनी त्या चौघांना थंड पाणी पाजलं, शुक्रिया म्हणाले आणि परत पाठवलं. हनीफ माझ्याकडे बघत होता. सासऱ्यांसमोर परक्या माणसांना "नाही, घ्या उचलून" म्हणायला जीभ रेटली नाही माझी. ऑफिसात बारा देशांच्या लोकांवर खेकसते मी! खुर्ची जिन्यावर आपटत आपटत खाली गेली, तो आवाज बराच वेळ येत होता.

मग बाबा सिलेंडरपाशी बसले. त्यांनी फ्लो कमी केला. "पुरवून वापरू. मशीन सुरू झालं की वाढवू." मी जाऊन वाढवला. त्यांनी पुन्हा कमी केला. इरा ओल्या टॉवेलने आजीचे पाय पुसत होती. "मम्मा, हर नेल्स आर ब्लू," ती म्हणाली. मी नखं बघितली आणि माझा तोल गेला. "खलास! बस झालं बाबा!" म्हणून मी अँब्युलन्सला फोन केला, हनीफला फोन केला, परत या म्हणून गयावया केली. अंकुर अजून ट्रॅफिकमध्येच अडकलेला. बाबा ह्या वेळी अडवायला आले नाहीत. तिन्हीसांज झाली तसं त्यांनी हॉलमधल्या दिव्याचं बटण दाबून ठेवलं आणि बाल्कनीच्या काचेशी उभे राहून समोरच्या टॉवरांमधले दिवे बघत नुसतं म्हणत होते, "येईल. एवढ्यात येईल."

काटा शून्यावर टेकला. आईंनी दोनदा तोंड उघडून हवा ओढली. तिसऱ्यांदा ओढलीच नाही. मी छाती दाबत राहिले, हाका मारत राहिले, "आई, अहो आई." इरा माझ्या पाठीला चिकटली होती.

बाहेर अंधारून आलं होतं. आणि लाइट आली.

सगळं एकदम. एसी, टीव्ही, फ्रिज, हॉलमधला दिवा. "इट्स बॅक! आजी, इट्स बॅक!" इरा किंचाळली. मशीनने शिट्टी मारली आणि घरघर सुरू केली. नळी तर सिलेंडरला. मशीन आपलं रिकाम्या तोंडाने हवा सोडत राहिलं.

बाबा काचेपासून वळले. दिवा बघितला आणि सवयीने त्यांचे हात जोडले गेले.

"कुणाला नमस्कार करताय बाबा?" मी ओरडले. "कुणाला?"

तेव्हा त्यांनी सोफ्याकडे बघितलं. जोडलेले हात तसेच राहिले. सोडायचे कसे तेच जणू त्यांना कळेना.

लिफ्टची घंटा वाजली. घराचं दार उघडंच होतं. आधी हनीफ आत आला, मागून ते तिघे, खुर्ची घेऊन. सोफ्याकडे नजर गेली तसा हनीफ थबकला. तिघांनी खुर्ची भिंतीशी ठेवली आणि हनीफने डोक्यावरची टोपी काढली. मग चौघेही बाबांकडे बघत उभे राहिले, ते काय म्हणतात म्हणून.

बाबा बाजूला झाले.