वारसितीच्या कानावरचा मी

मी एक जुना हेडफोन आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. जावा बेटावरच्या क्लातेनमधल्या एका सायबर कॅफेत पोरांनी मला कानाला लावून इतक्या लढाया मारल्या, की माझा डावा कान अर्धा बधिर झाला. कॅफे बंद पडला आणि मी भंगारात निघालो. तेवढ्यात वारसिती नावाच्या पोरीनं मला उचललं. माझ्या फाटक्या गादीवर तिनं बाटिकचं कापड शिवलं. एवढे लाड तर माझ्या नवेपणीही झाले नव्हते!

तिला कोरियातल्या कारखान्यात नोकरी हवी होती. त्यासाठी ती रोज सकाळपासून दुपारपर्यंत ऑनलाइन कोरियन शिकायची. टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळताना आकडे घोकायची आणि टेम्पे करपवायची. तिच्याबरोबर मीही शिकलो.

पोरगी हुशार, पण एक खोड होती. समजो न समजो, ती गोड आवाजात म्हणायची, "ने." म्हणजे हो. जावात मोठ्यांना 'समजलं नाही' म्हणणं म्हणजे त्यांचा पाणउताराच. शिकवणारे हर्योनो सरही जावाचेच, कोरियात राबून आलेले. त्यांनी ते बरोबर हेरलं.

एकदा त्यांनी कोरियनमध्ये विचारलं, "वारसिती, तुझं घर जळतंय का?"

"ने, सर."

"शेजारणीनं पेटवलं?"

"ने, सर!"

सगळा वर्ग खिदळला. सरांनी अर्थ सांगितला, तेव्हा तिचे कान माझ्याखाली तापले.

"पण सर, मोठ्यांना परत बोलायला लावायचं? आई झाडूनं बडवेल मला!"

"बडवू दे. मीही असाच हो म्हणालो होतो, पोरी. साहेब सांगत होता, यंत्रात हात घालू नकोस." त्यांनी पंजा कॅमेऱ्यासमोर धरला. "दोन बोटं तिथंच राहिली."



मग तोंडी परीक्षा आली. कोरियातल्या बाई ऑनलाइन प्रश्न विचारणार होत्या. पास झाली तर नोकरी, नाहीतर पुन्हा वर्षभर वाट बघणं. सुरुवात छान झाली. आणि नेमका तेव्हाच मी दगा दिला. तार सैल झाली, खर्र झालं, अर्धा प्रश्न हवेत गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वारसितीनं श्वास घेतला. आता 'ने' येणार, असं मला वाटलं.

"माफ करा," ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

 मग त्या बाई हसल्या. "सकाळपासून सगळे नुसते हो-हो करतायत. बरं झालं, कुणीतरी विचारलं! यंत्रातून धूर आला तर काय कराल?"

"आधी यंत्र बंद करीन, मग साहेबांना हाक मारीन."

तिला नोकरी मिळाली. मला फेकायचं सोडून तिनं माझी तार जोडून आणली. उद्या ती विमानात बसेल, तिच्या पिशवीत मीही असेन. हिचे उपकार मी कसे फेडू?

मित्रांनो, आमच्या तारा ओढू नका, नीट गुंडाळून ठेवा. आणि आमच्यातून ऐकू आलं नाही, तर आमची अब्रू राखायला 'हो' म्हणू नका. बेधडक विचारा. आमची तार पुन्हा जोडता येते, माणसाचं बोट नाही.