इथं काय आहे?

गंधालीनं सकाळीच बजावलं होतं, "आई, संध्याकाळचा ऑनलाइन पेपर चालू असताना कोणी आत नाही यायचं. आवाज नको, कॅमेऱ्यात दुसरा चेहरा नको. आधीच दोन वॉर्निंग झाल्या माझ्या. तिसरी झाली की साल बर्बाद."

"हव," गोदावरी म्हणाली. पोरीचे डोळे रडून लाल की स्क्रीन पाहून, तिला कळेना. ताटात पोळी तशीच राहायची. डोक्यावर हात ठेवावा तर पोर दचकायची.

संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. बुढापारा मोहल्ल्यातल्या त्या घरात उंबरठ्यापासून कुंकवाची पावलं उमटली. सुपात ज्येष्ठा-कनिष्ठेचे पितळी मुखवटे घेऊन गोदावरी पुढं, थाळी वाजवत नणंद पद्मिनीताई मागं. दरेक दारी ताई विचारायच्या, "इथं काय आहे?"

"अन्नधान्य," गोदावरी सांगायची. पुढच्या दारी, "सोनंनाणं."

गंधालीच्या दाराशी ती थबकली. "पोट्टीचा पेपर सुरू आहे, ताई. इथून वळू."

"बंद दारावरून लक्ष्मी वळवतं? मग पोट्टी नापास झाली तं मले नको सांगू!"

गोदावरी दाराकडं वळली. तिनं ताईंना थाळी थांबवायला लावली. जोडवी वाजू नयेत म्हणून पायाची बोटं उचलत, ओठ मिटून ती आत शिरली. आपला चेहरा दिसू नये म्हणून भिंतीला चिकटली, पदर पुढं ओढला, आणि नुसते हात लांबवून सूप लेकीच्या खांद्यामागं धरलं. बघा गं बायांनो, माझी लेक बघा. तिच्या बोटांना बळ द्या, तिच्या डोळ्यांना नीज द्या.

देवींनी पाहिलं. कॅमेऱ्यानंही पाहिलं.

स्क्रीन लाल झाली. तीन चेहरे आढळले. परीक्षा समाप्त.

गंधाली ओरडली नाही. तिनं वळून मुखवट्यांकडं पाहिलं, मग आईच्या हातांकडं.

"सगळं लिहून झालं होतं गं," ती हळूच म्हणाली. "फक्त जमा करायचं होतं."

सूप कललं. ज्येष्ठेच्या कपाळावरचं कुंकू कनिष्ठेच्या गालावर सांडलं. गोदावरीला सूप खाली ठेवून लेकीला कवेत घ्यायचं होतं. पण आसनावर बसेस्तोवर देवी खाली ठेवत नाहीत.

"काहून थांबली गोदावरी?" दाराबाहेरून ताईंचा आवाज आला. "मुहूर्त टळून राहिला ना! बोल, इथं काय आहे?"

लेक आईच्या तोंडाकडं पाहत होती.

"विद्या," गोदावरी म्हणाली.

बाहेर थाळी पुन्हा वाजू लागली.