होते सवय

पाठ सतरंजीला टेकवून, गुडघे वाकवून वाघिणीने कंबर उचलली, तोच सासूबाई केरसुणी घेऊन खोलीत आल्या.

"चांगली गादी सोडून जमिनीवर लोळायचं! ऊठ, केर काढू दे."

वाघीण उठली नाही. मनात दहा आकडे मोजून तिने पाठ सावकाश खाली टेकवली.

वाघीण हे तिचं डेपोतलं नाव. तिने नुसतं रोखून पाहिलं तरी फुकटे मुकाट्याने तिकीट काढत. धावत्या बसमध्ये कशालाही न धरता ती बारा वर्षं उभी राहिली होती. पण बाळंतपण जड गेलं. मुलगी चांगली चार किलोची, चिमटे लावून ओढून काढलेली. तेव्हापासून शिंक आली, बाळाला उचललं, की कपडे ओले होत. नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं होतं, की कंबर धरते.

डॉक्टरांनी तिला योगशिक्षिकेकडे धाडलं. ती बाई मऊ आवाजाची होती.

"श्वास सोडताना, लघवी अडवतो तसं आत ओढायचं. जोर लावायचा नाही. बहुतेकींना फरक पडतो."

चार महिने वाघिणीने एक सकाळ चुकवली नाही. बहुतेकींमध्ये ती नव्हती.

रजा संपली आणि ती कामावर गेली. तिसऱ्या थांब्यापुढच्या गतिरोधकावर बस आदळली. खाकी पँट मांडीपर्यंत भिजली. तिकिटांची पिशवी पुढे ओढून ती तशीच उभी राहिली. दारापाशी बसलेली एक म्हातारी उठली, आणि तिने आपली जागा वाघिणीला दिली. स्वतःच्या बसमध्ये वाघीण पहिल्यांदा बसली.

डेपोत परतल्यावर तिने साहेबांकडे टेबलावरचं काम मागितलं.

"कारण लिहून द्या," साहेब कागद पुढे सरकवत म्हणाले.

तिने पेन उचललं. समोर चार ड्रायव्हर चहा पीत उभे होते. तिने पेन ठेवलं, पिशवी जमा केली आणि घरी आली.

न्हाणीघरात ती पँट धूत होती. नातीला खांद्यावर घेऊन सासूबाई दारात आल्या, क्षणभर थांबल्या आणि परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सतरंजी पसरलीच नाही. बाळ झोपलं होतं. नवरा कामाला गेला होता. सासूबाई आत आल्या आणि त्यांनी तिच्या मांडीवर एक गाठोडं ठेवलं. जुन्या चादरी फाडून शिवलेल्या सुती घड्या होत्या त्यात, बारीक टाक्यांच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या.

"दिवसाला चार लागतात. अंगावर गडद रंग घालावा. लांबच्या प्रवासाला जाऊ नये, हसायचं तेही बेतानं. होते सवय."

"तुम्हाला? कधीपासून?"

"तुझ्या नवऱ्याच्या वेळी बाळंत झाले तेव्हापासून. चौतीस वर्षं."

"मामंजींना माहीत होतं?"

"त्यांना शेवटपर्यंत वाटायचं, हिला माणसांचा कंटाळा आहे."

वाघीण घडीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. तिच्यापुढेही अशी चौतीस वर्षं पडली होती. मग ती उठली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिने सतरंजी पसरली; त्यावर आडवी होऊन, आत कसं ओढायचं ते सासूबाईंना सांगितलं.

सासूबाईंनी दाराला कडी लावली. पदर खोचून, भिंतीला धरून त्या कष्टाने खाली बसल्या, आणि कुशीवर होत होत सुनेशेजारी उताण्या झाल्या. सुनेचं पाहून त्यांनीही गुडघे वाकवले.

"ओढायचं कधी गं? श्वास घेताना की सोडताना?"

"सोडताना," वाघीण म्हणाली. "पण आई, गुण येईलच असं नाही. मला नाही आला."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"ते मी कुठे विचारलं?"