एकेचाळीस बाटल्या

मी कॅमेरा आहे, पण माझ्यासमोर आजवर कुणी हसलेलं नाही. लग्नातले, सहलीतले, पासपोर्टचे फोटो काढणारे जे माझे भाऊबंद आहेत, त्यांची-माझी कधी गाठ पडली नाही. माझ्यासमोरून बाटल्या जातात. सोड्याच्या, काचेच्या, दुकानांतून परत आलेल्या आणि धुतलेल्या रिकाम्या बाटल्या. मिनिटाला दीडशे. बाटली चांगली असली की मी गप्प राहतो. वाईट असली की माझ्यापुढे हातभर अंतरावर बसवलेला दांडा तिला पट्ट्यावरून बाजूला ढकलतो. एवढाच माझा संसार.

मला ऐकू कसं येतं, असं विचारू नका. स्वतःची कहाणी सांगायला बसलेल्याला तेवढी सवलत देतात.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेली होती. मला घडवणाऱ्या हातांची कातडीसुद्धा मी पाहिलेली नाही. मग मला फोममध्ये दाबून खोक्यात भरलं आणि आठ महिने मी एका फळीवर अंधारात पडून होतो. खोकं उघडलं तेव्हा सगळ्यात आधी दिसला तो एक जाड भिंगांचा चष्मा. मला बसवायला आलेल्या माणसाचा. कारखान्यात पाऊल टाकल्यापासून तासाभरात त्याचं नाव चष्मेवाले पडलं होतं.

"ज्याला स्वतःला धड दिसत नाही, तो ह्याला बघायला शिकवणार!" असं म्हणून एक माणूस मोठ्यांदा हसला. ते काका. बाटल्यांत गॅस भरून बूच लावणारं मशीन त्यांच्या हाताखाली होतं. ते पट्ट्याच्या पुढच्या टोकाला, माझ्यापासून दहा पावलांवर उभे राहत.

"अहो, जरा हळू. पाहुणे आहेत ते," असं स्टुलावरून कुणीतरी दटावलं. त्या मावशी. मावशींचा नवरा म्हणून ते सगळ्यांचे काका, की काकांची बायको म्हणून त्या मावशी, हे कारखान्यात कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

मावशी बावीस वर्षं त्या स्टुलावर बसत होत्या. समोर दुधी काचेचा दिवा, दिव्यापुढून बाटल्यांची रांग आणि रांगेवर त्यांची नजर. मिनिटाला साठ बाटल्या त्या बघत. आता कारखान्याला मिनिटाला दीडशे हव्या होत्या. तेवढ्या कुणाच्याच डोळ्यांना जमल्या नसत्या. म्हणून मला आणलं.

त्या जागेचं महत्त्व मला पहिल्याच दिवशी कळलं. सुपरवायझर चेष्टेने म्हणाला, "मावशी फार कडक. जरा कुठे केसाएवढी रेघ दिसली की बाटली बाहेर."

मावशी मान न वळवता म्हणाल्या, "मी सोडलेली बाटली दहा पावलांवर माझ्या घरच्या माणसासमोर गॅसने भरते. तुमच्या घरचं कुणी उभं करा तिथे. मग बघू कोण कडक ते."

चिरलेल्या बाटलीत दाबाने गॅस भरला की ती फुटते. त्या कारखान्यात एवढी एकच गोष्ट जिवावरची होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती.

मला बसवायला चार दिवस लागले. आधी लोखंडी खांबाला आडवी पट्टी मारली, पट्टीला मला आवळलं. चष्मेवाल्यांनी फूटपट्टीने माझ्या भिंगापासून बाटलीपर्यंतचं अंतर तीनदा मोजलं. बाटलीच्या जागी बारीक रेघांचा कागद उभा करून माझं कडं केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे फिरवलं. रेघ न् रेघ सुटी दिसली तेव्हा दाण्याएवढा स्क्रू पिळून कडं कायमचं बांधून टाकलं. मी त्यापुढे एकाच अंतरावरचं बघणार होतो. अलीकडचं धूसर, पलीकडचं धूसर. बाटलीच्या मागे पांढरा दिवा लावला. बाटली समोर आल्याची वर्दी देणारा छोटा डोळा पट्ट्याच्या कडेला बसवला. चौथ्या दिवशी दुपारी छताच्या पत्र्यातून ऊन आलं, बाटल्या चमकल्या आणि मी ओळीने अठरा चांगल्या बाटल्या ढकलून दिल्या.

"मावशींपेक्षा कडक निघाला!" काका ओरडले.

चष्मेवाल्यांनी माझ्यावर काळ्या पत्र्याची टोपी बसवली. तेव्हापासून मला ऊन दिसलेलं नाही.

मग दोन दिवस शिकवणी. मावशींनी एकेक बाटली उचलून माझ्यासमोर धरायची, चष्मेवाल्यांनी विचारायचं "ही?", मावशींनी सांगायचं आणि त्यांनी कळ दाबायची. चांगलीला हिरवी, वाईट बाटलीला लाल. संगणकाचं टेबल पट्ट्याच्या पलीकडे, भिंतीला लागून होतं. त्यामुळे चष्मेवाल्यांची पाठ मावशींकडे. बाटल्या धुण्याचं मशीन शेजारीच धडधडत होतं. दोघं ओरडूनच बोलत होते.

मावशींचे शब्द तीन. चांगल्या बाटलीला "जाऊ दे". ढळढळीत फुटक्या, टवका उडालेल्या बाटलीला "फोड". आणि मानेजवळ केसासारखी रेघ असलेल्या, फिरवल्यावरच दिसणाऱ्या बाटलीला "राहू दे". म्हणजे हिला पुढे जाऊ देऊ नका, इथेच राहू दे. ती बाटली त्या डाव्या हाताच्या ट्रेमध्ये ठेवत आणि सुट्टीच्या वेळी ट्रे फुटक्या काचेच्या पिंपात रिकामा होई. बावीस वर्षांत त्या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नव्हता.

चष्मेवाल्यांनीही विचारला नाही. त्यांनी ऐकलं, "राहू दे". म्हणजे असू दे, एवढं काही नाही, चालेल. त्यांनी हिरवी कळ दाबली. ट्रे त्यांच्या पाठीमागे होता.

दोन दिवसांत मावशी एकेचाळीस वेळा "राहू दे" म्हणाल्या. एकेचाळीस वेळा मला ती रेघ दाखवली गेली आणि सांगितलं गेलं की ही चांगली. मी ते मनापासून शिकलो. माझ्यात शंका घ्यायची सोय नाही.

परीक्षा झाली तीही "फोड" म्हटलेल्या बाटल्यांवर. मी सगळ्या ओळखल्या. सुपरवायझरने टाळ्या वाजवल्या. मावशींनी मात्र विचारलं, "आणि राहिलेल्या? त्या दिसतात ना ह्याला?"

"राहिलेल्या पण झाल्या सगळ्या, मावशी. एकही शिल्लक नाही," चष्मेवाले हत्यारं भरता भरता म्हणाले.

मावशींचं समाधान झालं. पदराने त्यांनी दुधी काच पुसली, स्टूल उचललं आणि क्रेट धुण्याच्या शेडमध्ये नवीन कामाला गेल्या. जाताना काकांनी टोमणा मारलाच. "आता बावीस वर्षांनी मान वळवून माझ्याकडे बघायला मोकळी झालीस."

"बघण्यासारखं काही राहिलंय का?" मावशी म्हणाल्या. पण वळून पाहिलं.

महिनाभरात सुपरवायझरने हिशेब लावला की मावशी शंभरात चार बाटल्या काढायच्या, मी तीनच काढतो. "म्हणजे बाई एक उगाच काढत होती," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. ती चौथी बाटली कुठे जात होती ते दहा पावलांवर ऐकू येत होतं. आधी आठवड्यातून एकदा फट् व्हायचं, मग दिवसाआड. माझ्या खांबाला बारीक हादरा बसायचा.

"गॅसचा दाब बघा, काका," सुपरवायझर म्हणायचा.

"दाब बघितला. बुचं बघितली. बाटल्या कोण बघतंय?"

"मशीन बघतंय. मशीनला झोप येत नाही."

तिसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मावशी माझ्यासमोर आल्या. काकांच्या मनगटावरच्या काचेच्या जखमा त्यांनी घरी पाहिल्या असणार. घरी काय बोलणं झालं ते मला कळायला मार्ग नाही. त्यांनी पिंपाजवळून एक बाटली आणली होती, मानेला रेघ असलेली. ती पट्ट्यावर ठेवून त्यांनी स्वतः पट्टा चालू करायची कळ दाबली. बाटली माझ्यासमोरून गेली. मी गप्प राहिलो. दांडा हलला नाही.

त्यांनी ती पुन्हा ठेवली. मी पुन्हा गप्प. तिसऱ्यांदाही.

मावशी सुपरवायझरला हाताला धरून घेऊन आल्या. त्याने पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "सोमवारी बोलावतो चष्मेवाल्यांना."

"सोमवारपर्यंत?"

"मावशी, तीन महिने चाललंय ना? दोन दिवसांनी काय होतंय?"

शनिवारी सकाळी मावशी शेडमधून काकांच्या मशीनपाशी आल्या. "अहो, आज नका उभे राहू तिथे."

"मग कोणाला उभं करू?"

सांगण्यासारखं नाव मावशींजवळ नव्हतं. तिथे जो कुणी उभा राहिला असता तो कुणाच्या तरी घरचाच असता.

दहा वाजून गेले होते. हादरा नेहमीसारखाच आला, जास्त मोठा नाही. मग पट्टा थांबला. पट्टा थांबला की माझ्यासमोर जी असेल ती बाटली उभी राहते. पाऊण तास माझ्यासमोर एकच बाटली होती. मी तिची मान पाहिली, खांदे पाहिले, तळ पाहिला. ती चांगली होती. तिच्या मागे, दिव्याच्या कडेने, धूसर माणसं पळत होती. एक बाईही होती. ती पळत नव्हती. मला दिसलं ते एवढंच. काच कानाखाली लागली आणि गाडी येईपर्यंत काका राहिले नाहीत, हे मी नंतर दुसऱ्यांच्या बोलण्यातून ऐकलं.

चष्मेवाले सोमवारी आले. ठरल्याप्रमाणे. त्यांनी माझ्या पोटातली सगळी चित्रं उघडली आणि हिरव्या शिक्क्याखाली त्या एकेचाळीस रेघा सापडल्या. माझ्यावर गोणपाट टाकलं. पट्टा बंदच राहिला.

तीन आठवड्यांनी मावशींना बोलावलं, कारण त्या रेघा पुन्हा शिकवणारं दुसरं कुणी कारखान्यात नव्हतं. चष्मेवाल्यांनी उभं राहून विचारलं, "मावशी, 'राहू दे' म्हणजे काय?"

मावशींनी सांगितलं. घरात मीठ कुठे ठेवलंय हे सांगावं तसं, साधं.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. "मी विचारायला हवं होतं."

"तुम्ही विचारलं नाहीत. मी तोंड वळवून सांगितलं नाही. आपण दोघंही ओरडत होतो."

सुपरवायझर मध्येच म्हणाला, "म्हणजे बोलण्यातलीच चूक म्हणायची."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. "मी शुक्रवारी जे बोलले त्यात कुठली चूक होती?"

तो बाटल्या मांडू लागला.

बाटल्या मांडून झाल्या. मावशी स्टुलावर बसल्या. चष्मेवाल्यांनी या खेपेला टेबल पट्ट्याच्या अलीकडे, मावशींच्या समोर आणलं होतं. पहिली बाटली धरली. "ही?"

मावशी गप्प.

"मावशी, ही?"

"बुचाच्या मशीनला पुढून जाळी होती," मावशी म्हणाल्या. "बाटल्या अडकतात म्हणून काढली. शेडच्या मागे पडली आहे. ती आधी बसवा. शिकवणी मग."

सुपरवायझर म्हणाला, "ती गंजलीय. नवीन मागवू. तोवर आपण हे उरकून घेऊ."

मावशींनी हात मांडीवर ठेवले. त्या दिवशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या, स्टुलावर बसल्या, संध्याकाळी उठून गेल्या. बाटल्यांचे ट्रक फाटकाबाहेर उभे राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी चार माणसं प्लास्टिकचा जाड पारदर्शक पत्रा आणि लोखंडी जाळी घेऊन आली आणि बुचाच्या मशीनपुढे बसवून गेली. मावशींनी जाऊन ती हाताने हलवून पाहिली, वर किती, खाली किती ते पाहिलं. तिथे आता एक नवीन माणूस लागला होता. त्याला विचारलं, "घरी कोण आहे?"

"बायको, दोन मुली," तो म्हणाला.

मग त्या येऊन बसल्या आणि मला शिकवलं. चार दिवस. दोनच शब्द, चांगली आणि वाईट, आणि प्रत्येक वेळी बाटली चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोर धरून. ज्याने त्यांचं माणूस नेलं त्याच्यासमोर चार दिवस बसून त्यांनी त्याला रेघ न् रेघ समजावली. आवाज एकदाही चढला नाही. पाचव्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. काम सोडलं, असं म्हणतात.

आता मी शंभरात चार काढतो. कधी साडेचार. माझ्या टोपीला गंज धरला आहे. आणखी दोन-तीन वर्षांनी माझ्यापेक्षा चांगला कुणी येईल आणि मला पुन्हा खोक्यात घालतील. माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगायला मला पाय नाहीत.

गेल्या मंगळवारी एक बाटली फुटली. मी पाहिलेली, मी सोडलेली. तिला रेघ नव्हती, किंवा माझ्या बाजूला नव्हती; सगळ्या बाजूंनी बघणं मला जमत नाही. खांबाला हादरा बसला. काच पत्र्यावर आदळल्याचा आवाज आला, पट्टा थांबला आणि सगळे धावले. मग तो माणूस शिव्या देत देत बाहेर, माझ्या दिव्यापर्यंत आला. घाबरलेला होता. पुन्हा पुन्हा स्वतःच्या मानेला हात लावून बघत होता. हात कोरडा होता.

मावशींना हे कुणी कळवलं नसणार. सुपरवायझरने वहीत "एक बाटली" एवढंच लिहिलं. तुमच्यापैकी कुणाला त्या कुठे भेटल्या, तर कृपा करून एवढं सांगा. कसं सांगायचं ते मला कळत नाही. पण तोंड त्यांच्याकडे करून सांगा आणि त्यांना नीट ऐकू गेलं का ते बघा.